ठिगळाची काहील आणि जतची सून

मित्रांनो, या, बसा. फक्त माझ्या कडेला टेकू नका. ती अजून धारदार आहे, आणि शाळेचा सदरा फाटला तर घरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे उसाचा रस उकळून गूळ करायची अवाढव्य लोखंडी कढई. तुमच्या वर्गातली अख्खी रांग माझ्यात मांडी घालून बसेल आणि मागच्या बाकावरच्यांनाही जागा उरेल. कऱ्हाडच्या एका शेडात जाड पत्रे वाकवून, ठोकून, रिवेट मारून मला घडवलं. माझ्यावर पडणाऱ्या घणांच्या आवाजानं म्हणे प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना दोघीही क्षणभर थबकल्या होत्या. मी स्वतः ते पाहिलं नाही. माझा तळ तेव्हा लागायचा होता.

तिथून ट्रकच्या टपावर बसून मी सांगलीकडच्या या नदीकाठच्या गावात आले आणि आकारामच्या गुऱ्हाळात चुलवणावर, म्हणजे तिथल्या मोठ्या चुलीवर, चढले. आकाराम हा गुळव्या. रसाचा गूळ कधी झाला, हे ठरवायचं काम गुळव्याचं. खाली उसाची वाळकी चिपाडं धडधडून पेटायची, माझ्या पोटात रस खदखदायचा आणि आकाराम माझ्यावर वाकून नुसता बुडबुडे बघत राहायचा. रस आधी मोठे बुडबुडे टाकतो, मग बारीक. मग ते जड होतात आणि फुटायला कंटाळा करतात. तेव्हा आकाराम बोटं गार पाण्यात बुडवायचा, तीच बोटं उकळत्या पाकात घालायचा आणि चिमूटभर पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळायचा. लवकर उतरवलं तर गूळ बसत नाही, नुसता चिकटतो. उशीर झाला तर जळतो. भोवतीची माणसं श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभी असायची. मग तो एकदाच ओरडायचा, "उतरवा!"

त्या शब्दानंतर त्यानं कधी मागं बघितलं नाही. 'अजून जरा' असं तो कधी म्हणाला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एका हंगामात तर असा गूळ झाला की त्याच्या वासानं पुण्याला निघालेली एसटी पार पुण्याच्या वेशीवरून मागं फिरली. ती नादुरुस्त झाली होती असं काही लोक सांगतात. लोकांना काय, काहीही सांगतात.

पण चांगले दिवस कुणाचे कायम राहतात? माझा तळ जळून जळून पातळ झाला. गुऱ्हाळात नवी, चकचकीत काहील आली. मला गावात आकारामच्या घरामागं आणून पालथं टाकलं. ज्या पोटात गूळ शिजला, त्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. पावसात मी भिजायची, उन्हात तडतडायची. कोणी माझ्याकडं बघत नव्हतं. मीही कोंबड्यांना एसटीची गोष्ट सांगून दिवस काढत होते.

अशात आकारामचा मुलगा ऋषिराज, जो फौजेत आहे, लग्न करून जतची बायको घेऊन आला. तिचं नाव राणी. जत म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं कोरडं टोक. तिथं पाणी टँकरनं येतं आणि बॅरलमध्ये राहतं. कृष्णा पहिल्यांदा बघितली तेव्हा राणीनं सासूला विचारलं होतं, "अय्यो आत्या, एवढं पाणी कुटं चाललंय? कुणाला इचारून?"

तिला एक खोड होती. दिसेल ते भांडं ती बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. बॅरलमध्ये पाणी कुठवर आहे, हे झाकण न उघडता कळायला तिच्या गावच्या पोरी हेच करतात. घरात आली त्याच आठवड्यात तिनं मलाही वाजवलं. टण, टण, टण, आणि मग एका जागी थद्द.

"आत्या, ही काहील हितं फुटाय लागलीया," ती म्हणाली.

सासू मनुबाई हसली. "अगं, ती कोंबड्यांची हाय आता. फुटंना का!"

खरं सांगते, मला फार राग आला. इतक्या वर्षांत माझं दुखणं कोणी ओळखलं नव्हतं, आणि ते ओळखावं कोणी, तर पहिल्यांदाच नदी बघणाऱ्या पोरीनं!

मग त्या वर्षी पूर आला. आता मी जे सांगणार आहे, त्यात रतीभरही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नाही.

आमचं गाव उंचावर आहे. गुऱ्हाळ खाली, मळ्यात. मध्ये ऊस, आणि उसामधून गाडीवाट जाते, तिला पाणंद म्हणतात. गुऱ्हाळाच्या दगडी खांबावर एक रेघ कोरलेली होती. फार मागं मोठा पूर आला, तेव्हा आकारामच्या वडिलांनी ती कोरली. तेव्हापासून सगळा गाव त्या रेघेवर विसंबून होता. पाणी वाढलं की म्हणायचे, "रेघंच्या वर आलंय का? न्हाई न्हवं? मग झोपा."

त्या सकाळी आकाराम बैल सोडायला गुऱ्हाळावर गेला. बैल एकटाच घरी आला. आकाराम आला नाही. पाणी रेघेच्या खाली आहे हे बघून तो गुळाच्या ढेपा माळ्यावर चढवत बसला होता. तेवढ्यात मागून उसात पाणी शिरलं आणि वाट बुडाली. दुपारी गावातून दिसलं ते एवढंच: गुऱ्हाळाचा पत्रा, पत्र्याच्या वर धुराडं, आणि पत्र्यावर उकिडवा बसलेला आकाराम.

गुऱ्हाळाच्या भिंती मातीच्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नदीकडची भिंत धप्पकन बसली आणि पत्रा एका अंगाला कलला. आकारामनं धुराड्याला मिठी मारली.

मनुबाई नुसती पुढं चालू लागली, पाण्यात. बायकांनी तिला धरलं.

"बोट?" राणीनं विचारलं.

"खालच्या वस्तीवर गेलीया," कपिल म्हणाला. कपिल हा गावचा वायरमन, नदीत वाढलेला गडी. मळ्यातल्या तारा त्यानंच सकाळी बंद केल्या होत्या. "तितं लय माणसं अडकल्यात. बोट यायला दिस कलंल."

"तवर भिंती ऱ्हातील?"

कपिलनं कललेल्या पत्र्याकडं बघितलं. मग म्हणाला, "वैनी, मी पोहत जातो. पर आकाराम तात्यांचा गुडघा गेलाय. त्यास्नी पाठीवर घिऊन माघारी येणं व्हायचं न्हाई."

तेव्हा एका म्हाताऱ्याला आठवलं की पूर्वी लोक काहिलीत बसून नदी ओलांडत. सगळ्यांच्या माना घरामागं वळल्या. माझ्याकडं! मित्रांनो, आयुष्यभर पाणी माझ्यात आलं होतं, रस आला होता, काकवी आली होती. मी मात्र पाण्यात कधीच गेले नव्हते. माझे रिवेट गार पडले.

नाथाजी पुढं आले. गावात त्यांचा शब्द चालतो आणि आवाज त्याहून जास्त चालतो. "त्या काहिली येगळ्या हुत्या. ही भोकाची हाय. आणखी दोन मढी काढायची हायत का?"

"भोक कुटं हाय ते मला म्हाईत हाय, आबा," राणी म्हणाली.

"तुला?" नाथाजींना त्या गडबडीतही हसू आलं. "अंगुळीचं पाणी झाडाला घालणाऱ्या गावची तू. तू आमाला नदी शिकवणार व्हय?"

"नदी तुमची, आबा. भांड्याचं मला कळतंय."

ती माझ्याकडं आली. कोंबड्या फडफडत पळाल्या. पोरांनी मला कडेवर उभं केलं. राणीनं तळावर पेर वाजवत नेलं. टण. टण. थद्द. तिनं तिथं अंगठा दाबला आणि गंजाचा पापुद्रा खाली पडला. उजेड आरपार आला.

"बघितलंसा?" नाथाजी म्हणाले.

पण मनुबाई उठली. तिनं कमरेची चंची सोडली आणि पानाला लावायच्या चुन्याची डबी राणीच्या हातात दिली. "गूळ आण. चुन्यात कालीव. माझी आई गळक्या घागरी अशाच बुजवायची."

घरात गुळाला काय तोटा! राणीनं गूळ-चुना कालवून, त्यात जुन्या लुगड्याची पट्टी भिजवून, माझ्या भोकात आतून-बाहेरून ठासली. माझ्याच पोटात शिजलेल्या गुळाचं ठिगळ मला लागलं.

मग तिनं आणखी एक केलं. गोठ्यातून कडब्याच्या पेंढ्या आणल्या. एक पेंढी पारापासून पाण्यात टाकली. पेंढी गरकन फिरली आणि मुख्य धारेला लागून दिसेनाशी झाली. दुसरी पेंढी तिनं वर जाऊन, शाळेच्या भिंतीमागून सोडली. ती उसाच्या शेंड्यांवरून रेंगाळत निघाली. पाणंदीपाशी, जिथं ऊस नाही, तिथं पाण्याला ओढ होती. पेंढीनं तिथं एक हिसका खाल्ला, पण पलीकडच्या उसात जाऊन अडकली. तिथून गुऱ्हाळ जवळ होतं.

"वर्नंच सोडाय पायजे," कपिल हळूच म्हणाला. "वैनी, मी मागनं पोहत ढकलतो. पर आत कुणीतरी बसाय पायजे. मोकळी काहील भवऱ्यागत फिरती. आन् मला कडेवरनं फुडचं दिसायचं न्हाई."

मोठ्या अंगाची माणसं मागं सरली. जड माणूस बसला असता तर ठिगळ तिथंच निघालं असतं.

"मी बसते," राणी म्हणाली. "मी हलकी हाय. आन् ठिगळ कुटं दाबायचं ते मला ठावं हाय."

ती घाबरली होती. मला ते कळत होतं, कारण वाजवून झालेल्याच जागा ती पुन्हा वाजवून बघत होती.

पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसला रिकामा डबा मनुबाईनं आणला आणि सुनेच्या पाठीला गच्च बांधला. गाठ मारता मारता म्हणाली, "मन कच खायला लागलं तर माघारी ये. कुणी हसायचं न्हाई. हसंल त्याला मी बघून घिन."

माझ्या कडीला दोर बांधला. त्याचं दुसरं टोक गड्यांनी धरलं. सगळ्यात पुढं नाथाजी होते. बडबड चालूच होती, पण दोर मनगटाला गुंडाळलेला होता.

मी पाण्यात उतरले.

काय सांगू! विस्तवाची सवय असलेल्या अंगाला ते गार, गढूळ पाणी लागलं आणि मी एकदम हलकी झाले. डुगडुगले. एक गिरकी घेतली. राणी तोंड दाबून खाली बसली, टाच ठिगळावर रोवली. मागून कपिलनं मला सावरलं. उसाचे शेंडे माझ्या तळाला खरखर घासत होते. तो आवाज मला आवडू लागला होता, तोच दोराला हिसका बसला.

दोर संपला होता. समोर पाणंद होती. तिथं पाणी गप्प नव्हतं. तिथून लाकडं, एक पिंप, कुणाचं तरी छप्पर सरसर वाहत चाललं होतं.

"माघारी या!" काठावरून नाथाजींचा आवाज आला. "दोर पुरत न्हाई! माघारी या गं पोरी!"

कपिल धापा टाकत म्हणाला, "वैनी, दोर सोडल्याबिगर फुडं जाता यायचं न्हाई. सोडू का नको ते तू सांग. तुला फुडचं दिसतंय."

राणी उभी राहिली नाही, ओरडली नाही. ती बघत राहिली. आधी पाणंदीकडं, मग गुऱ्हाळाकडं. तिथं आणखी एक भिंत पाण्यात भिजून फुगल्यासारखी दिसत होती. पाण्याचा एक लोंढा गेला. त्याच्यामागं पाणी जरा सैल पडलं. दुसरा लोंढा आला, गेला. पुन्हा सैल. तिनं दोराच्या गाठीला हात घातला. बोटं भिजली होती, गाठ सुटेना. तिनं ती दातांनी ओढली.

"आता!"

कपिलनं पाय झाडले. मी पाणंदीत घुसले. पाण्यानं मला कडेला धरून असं फिरवलं की गाव, ऊस, आभाळ सगळं एकच झालं. एक ओंडका माझ्यावर आदळला. कपिलचा हात सुटला, परत लागला. राणीच्या टाचेखालून पाण्याची बारीक धार वर आली. आणि मग खर्र... माझ्या कडेला ऊस लागला. पलीकडचा ऊस!

आकाराम पत्र्यावरून खाली बघत होता. त्याला वाटलं, बोट आली. मग माझी कड ओळखू आली, आणि मग सून.

"तू? तुला कुणी धाडलं? ऋषीला मी काय तोंड दावू?"

"मामंजी, ते फोनवर इचारतीलच. तुमी हिकडं या आधी."

"न्हाई न्हाई, त्या मोडक्या काहिलीत मी न्हाई येत. पाणी उतरंल. रेघंच्या वर जात न्हाई आमच्यात. अजून जरा थांबू."

राणीनं वर बघितलं. पाऊस तिच्या तोंडावर पडत होता. ती शांतपणे म्हणाली, "मामंजी, रेघ दावा की. कुटं हाय?"

आकारामनं खांबाकडं बघितलं. खांबाचं टोकच तेवढं वर होतं. रेघ कुठं तरी खोल, गढूळ पाण्यात गेली होती.

"आन् तुमी कवापास्नं 'अजून जरा' म्हणाय लागलासा?" राणी म्हणाली.

त्यानं धुराड्याची मिठी सोडली. घसरत, गुडघा धरत तो माझ्यात उतरला. मी चांगलीच खाली गेले. पाणी माझ्या कडेच्या वीतभर खाली आलं. माझ्या तळाशी गूळ विरघळत होता, मला त्याचा गोडवा जाणवत होता, आणि असा जीवघेणा गोडवा मी कधी चाखला नव्हता.

परत पाणंद. आता राणीच्या पायाखाली ओंजळ-ओंजळ पाणी येत होतं. तिनं पाठीचा डबा सोडून सासऱ्याच्या कुशीत दिला आणि दोन्ही टाचा ठिगळावर रोवल्या. "आता तुमी बघा, मामंजी. मला पाय हलवाय येत न्हाई. कवा निघायचं ते तुमी सांगा."

आकाराम माझ्या कडेवर वाकला. मित्रांनो, अगदी तसाच, जसा चुलवणावर वाकायचा. पाणंदीत फेस उकळत होता. मोठे बुडबुडे येत होते आणि फुटत होते. कपिल कडेला लोंबकळत होता. त्याचे हात गळून गेले होते. "तात्या, लवकर!" तो म्हणाला. आकारामनं हात वर केला. बुडबुडे बारीक झाले. जड झाले. फेस रेंगाळला.

"उतरव!"

कपिलनं अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं. आम्ही निम्म्यात होतो तेव्हा ठिगळ निघालं. राणीनं त्या भोकात पदर कोंबला आणि त्यावर बसली. मी भरू लागले. आणि तेवढ्यात उसातून एक दोर माझ्यावर येऊन पडला. उसाच्या शेंड्यांना धरून नाथाजी पाण्यात तरंगत होते. ओरडत होते अर्थातच. "धरा रं! आगं पोरी, धर, बघती काय!"

गड्यांनी आम्हाला ओढलं. मी शाळेच्या भिंतीला लागले तेव्हा निम्मी भरलेली होते. मागं मोठा आवाज झाला. आम्ही वळून बघितलं. गुऱ्हाळ बसलं होतं. नुसतं धुराडं उरलं होतं, आणि थोड्या वेळानं तेही वाकलं.

मनुबाईनं नवऱ्याकडं बघितलंच नाही. तिनं राणीचे दोन्ही पाय मांडीवर घेतले. टाचा लोखंडानं कापल्या होत्या. ती पदरानं त्या पुसत राहिली.

"जतची म्हणं," नाथाजी लुगडं पिळल्यासारखं स्वतःचं धोतर पिळत पुटपुटले. "जतला पाणी न्हाई ते बरंच हाय. असतं तर आमच्याकडं काय उरलं असतं?"

पूर ओसरला. नवी काहील वाहून गेली, ती कुणाला सापडली नाही. मला कऱ्हाडला नेऊन तळाला नवा पत्रा जोडला. गुऱ्हाळ पुन्हा उभं राहिलं, या खेपेला उंचावर. खांबावर कोणी रेघ कोरली नाही. आकारामनंच नको म्हटलं.

पहिला रस माझ्यात उकळला, तेव्हा आकारामनं पाण्यात बोटं बुडवली, आणि मग बाजूला सरून राणीला जागा दिली. माणसं चुळबुळली. राणीनं पाकात बोटं घातली, गोळी वळली. आकाराम काही सांगेना. कुणी तरी म्हणालं, "जळंल गं!" तिनं बुडबुडे बघितले आणि ओरडली, "उतरवा!"

तो गूळ जरा चिकट झाला. तुम्हाला वाटलं असेल, मी सांगेन की त्याच्या वासानं विमानं खाली उतरली. नाही. घाई झाली होती. आकारामनं एक खडा तोंडात टाकला, दातांना चिकटलेला सोडवत म्हणाला, "हं. फुडच्या येळंला जरा दम धर." पुढच्या वेळेला मात्र... ते जाऊ द्या, एसटीवाल्यांना विचारा.

मित्रांनो, हे ऐकून घरातली परात घेऊन कोणी ओढ्यात उतरू नका. तुम्हाला बदडलं तर नाव माझं निघेल. आणि घरामागं एखादं जुनं भांडं पालथं पडलं असेल, तर भंगारात घालण्याआधी त्याला सुलटं करा, पुसा, एकदा वाजवून बघा. नव्या गोष्टीची भीती वाटली, तरी तसंच करा. भीतीलाही वाजवून बघा. भरीव वाटली तर थांबा, त्यात लाज नाही. पोकळ वाटली तर आपलं भांडं कुठं गळतंय ते शोधा, ठिगळ लावा, दोर बांधा आणि निघा. दुसऱ्यानं कधी काळी कोरलेल्या रेघेपेक्षा समोरचं पाणी बघा.

आता सरका जरा. राणी येते आहे. रस ओतायच्या आधी ती मला रोज एकदा वाजवते.

ऐका.

टण.